औषधातले मिश्रण आणि प्रकाशाची परीक्षा

२०२५ च्या पावसाळ्याअखेरीस मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे सिरप घेतलेली वीसहून अधिक लहान मुले दगावली. आधी ताप-सर्दी, मग उलट्या, मग लघवी बंद आणि मूत्रपिंडे निकामी, असा तो क्रम होता. यांतील अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरला हलवावे लागले होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या त्या सिरपच्या एका बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के होते. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का. म्हणजे मर्यादेच्या जवळपास पाचशे पट.

या बाटलीच्या लेबलवर तीन औषधांची नावे होती : पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन. आता एक अस्वस्थ करणारी गोष्ट. समजा, ही तिन्ही औषधे लेबलवर लिहिलेल्या मात्रेत अगदी बरोबर असती आणि औषध कारखान्यांत, प्रयोगशाळांत रोज वापरल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या यंत्राने फक्त तेवढेच तपासले असते, तर ती बाटली उत्तीर्ण झाली असती. अर्धी बाटली विषाची असूनही. यात यंत्राचा बिघाड नाही आणि तंत्रज्ञाचा हलगर्जीपणाही नाही. त्या यंत्राला जे विचारले जाते त्याचेच उत्तर ते देते. औषधांच्या दर्जावर आज जी चर्चा चालू आहे तिच्यात ‘तपासणी वाढवा’ हे वाक्य फार ऐकू येते. कोणती तपासणी, कशासाठी आणि कधी, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

यंत्राचे नाव स्पेक्ट्रोफोटोमीटर. तत्त्व सोपे आहे. काचेच्या ग्लासात थोडे कोकम सरबत घेतले तर पलीकडचे दिसते; सरबत दाट केले की कमी दिसते. द्रावणात पदार्थ जितका जास्त, तितका प्रकाश जास्त अडतो. डोळ्यांना हे फक्त रंगीत पदार्थांत कळते. पण बहुतेक औषधे पांढरी असली, तरी डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश ती शोषतात, आणि प्रत्येक औषधाची आवडती तरंगलांबी वेगळी असते. सौम्य अल्कलीत विरघळवलेले पॅरासिटामॉल २५७ नॅनोमीटरच्या प्रकाशाला सर्वाधिक अडवते. गोळी कुटायची, विरघळवायची, गाळायची, द्रावण पातळ करायचे, यंत्रात ठेवायचे आणि आकडा वाचायचा. त्यावरून गोळीत पाचशे मिलिग्रॅम आहे की साडेतीनशे, हे तासाभरात कळते. गोळी पोटात वेळेवर विरघळते की नाही, ही चाचणीसुद्धा अनेकदा याच यंत्रावर मोजली जाते. अर्नोल्ड बेकमन यांनी १९४१ साली अतिनील प्रकाशाचे सुटसुटीत यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून औषधशास्त्रात त्याचे स्थान स्वयंपाकघरातल्या तव्यासारखे आहे. महागड्या यंत्रांच्या काही लाखांच्या गर्दीत ते आजही तुलनेने स्वस्त, चालवायला सोपे आणि दुरुस्तीला सोयीचे.

एकच औषध असेल तर हे ठीक चालते. अडचण मिश्रणात येते, कारण दोन्ही औषधे एकाच वेळी प्रकाश अडवतात आणि यंत्र फक्त एकूण बेरीज सांगते. यावर उपाय काढला तोही एका डॉक्टरनेच. जर्मनीतील ट्युबिंगेनचे कार्ल फॉन फिअरॉर्ट हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. नाडीचा आलेख काढणारे यंत्र बनवल्याबद्दल वैद्यकात त्यांचे नाव घेतले जाते. १८७३ साली त्यांनी शोषण-वर्णपटावरून रासायनिक मोजमाप कसे करावे यावर पुस्तक लिहिले. त्यांची युक्ती बाजारहाटाच्या हिशेबासारखी आहे.

एका बंद पिशवीत कांदे आणि बटाटे आहेत. किती ते ठाऊक नाही. पहिल्या दुकानात कांदा ३० रुपये किलो, बटाटा ४० रुपये. तिथे पिशवीची किंमत ११० रुपये निघाली. दुसऱ्या दुकानात कांदा ५० आणि बटाटा २०. तिथे ९० रुपये. शाळेतले समीकरण मांडले की उत्तर येते : एक किलो कांदे, दोन किलो बटाटे. पिशवी उघडावीही लागली नाही. दोन दुकाने म्हणजे दोन तरंगलांबी, भाव म्हणजे त्या तरंगलांबीला प्रत्येक औषध किती प्रकाश अडवते तो आकडा. अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असते. दोघांच्या मात्रा तुल्यबळ, दोघांच्या आवडत्या तरंगलांबी पुरेशा लांब. अशा जोडीला ही पद्धत चांगली लागू पडते.

आता दुसऱ्या दुकानाचे भाव पहिल्यासारखेच, ३१ आणि ४१ रुपये, आहेत असे समजू. त्याच पिशवीची किंमत आता ११३ रुपये यायला हवी. वजनकाट्याच्या चुकीने ती ११४ वाचली गेली तर गणिताचे उत्तर येते : पाच किलो कांदे आणि उणे एक किलो बटाटे! फक्त एका रुपयाची चूक. दोन औषधांचे वर्णपट एकमेकांवर बसत असतील, तर यंत्रातली छोटीशी गडबड अशीच फुगून बाहेर येते. आणि छापील अहवालात उणे बटाटे दिसत नाहीत. दिसतो तो ९७.४ टक्के असा आत्मविश्वासाने लिहिलेला आकडा.

सर्दीच्या सिरपमध्ये याहून बिकट प्रकार असतो. अशा अनेक सिरपांत पाच मिलिलिटरमागे पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम, फिनाइलएफ्रिन ५ आणि क्लोरफेनिरामाइन १ मिलिग्रॅम असते. क्लोरफेनिरामाइन ज्या तरंगलांबीला उठून दिसावे, तिथे पॅरासिटामॉलही भरपूर प्रकाश अडवते, आणि ते आहे सव्वाशे पट. एकूण अडलेल्या प्रकाशात क्लोरफेनिरामाइनचा वाटा शंभरात एकही भरत नाही. ढोलताशाच्या पथकात कोणी बासरी वाजवत आहे की नाही, हे रस्त्याच्या पलीकडून ठरवण्यासारखे आहे हे. गुंगी आणणारे औषध नेमके तेच, आणि लहान मुलांत त्याच्या मात्रेला महत्त्वही सर्वांत जास्त.

मिश्रणाची खरी परीक्षा पाहायची तर क्षयरोगाची गोळी घ्यावी. देशात २०१७ पासून रोजच्या उपचारपद्धतीत प्रौढांना सुरुवातीचे दोन महिने जी गोळी दिली जाते तिच्यात चार औषधे एकत्र असतात : आयसोनायाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथाम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. हे मिश्रण अगदी योग्य आहे. चार वेगवेगळ्या गोळ्या दिल्या तर रुग्ण एखादी टाळतो, आणि एकाच औषधावर राहिलेला जंतू पुढे दाद देत नाही.

प्रकाशाच्या दृष्टीने मात्र ही गोळी म्हणजे कोडेच. रिफाम्पिसिन लालसर, रुग्णाची लघवी केशरी करणारे. ते दृश्य प्रकाशातच, ४७५ नॅनोमीटरच्या आसपास सापडते, तिथे बाकी तिघांची लुडबुड नाही. पण तेच रिफाम्पिसिन अतिनील पट्ट्यातही प्रकाश अडवते, त्यामुळे पुढच्या हिशेबातून ते वजा करावे लागते. आयसोनायाझिड आणि पायराझिनामाइड दोघेही २६० ते २७० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, जवळजवळ एकमेकांच्या मांडीवर बसलेले. मात्रेत मात्र एक दुसऱ्याच्या पाचपटीहून जास्त. आणि इथाम्ब्युटॉल? त्याच्या रेणूत अतिनील प्रकाश पकडणारी रचनाच नाही. यंत्रासाठी ते पाण्यासारखे स्वच्छ. तांब्याच्या क्षाराशी संयोग घडवून त्याला निळा रंग आणावा लागतो किंवा वेगळी पद्धत वापरावी लागते. साध्या अतिनील चाचणीवर विसंबणाऱ्याला चारांपैकी एक औषध गोळीत मुळीच नसले तरी कळणार नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. जठरातल्या आम्लात रिफाम्पिसिन आणि आयसोनायाझिड यांची आपसात रासायनिक क्रिया होते आणि रिफाम्पिसिनचा काही भाग निकामी होतो. साठवणुकीत ओल लागली तर गोळीतही बिघाड होऊ शकतो. बिघडून तयार झालेले पदार्थही रंगीतच असतात, प्रकाश अडवतातच. म्हणजे यंत्र ज्याला औषध म्हणून मोजते त्यातले काही औषध राहिलेलेच नसते. रुग्ण गोळ्या नियमित घेतो, वजन वाढत नाही, खोकला जात नाही, आणि संशय पहिल्यांदा रुग्णावरच घेतला जातो : गोळ्या चुकवल्या असतील. गोळीची चौकशी बरीच नंतर होते, झालीच तर.

आपल्याकडच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत या कोड्यांवर भरपूर काम होते. दोन किंवा तीन औषधांचे ‘एकाच वेळी मापन’ हा पदव्युत्तर प्रबंधांचा लाडका विषय आहे. समीकरणांच्या पलीकडे वर्णपटाचा उतार मोजणे, एका वर्णपटाला दुसऱ्याने भागणे, शेकडो तरंगलांबींचे आकडे संगणकाला देऊन त्यातून प्रत्येक औषध वेगळे काढणे, अशा युक्त्या आहेत आणि त्या खऱ्याखुऱ्या उपयोगी आहेत. विद्यार्थ्याला हात बसतो, द्रावके कमी लागतात, खर्च वाचतो. पण यातील बऱ्याच कामात शुद्ध भुकटी प्रयोगशाळेत मिसळून तीच पुन्हा मोजलेली असते. उत्तर आधीच ठाऊक असते. बाजारातल्या गोळीत रंग, गोडी, गोंद, स्टार्च आणि दोन उन्हाळे गोदामात काढल्यावरचा बिघाडही असतो. तिथे पद्धत किती टिकते, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला प्रबंधात अनेकदा दीड पान मिळते.

अर्थात इतक्या मिश्रणांची गरज काय, हेही विचारायला हवे. क्षयाची गोळी हा सन्माननीय अपवाद. एचआयव्ही, मलेरिया, काही रक्तदाबाच्या गोळ्याही तशाच. पण दोन-तीन औषधे एकत्र करून नवे नाव देण्याचा सोस भारतीय बाजारात फार जुना आहे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पुन्हा छाननी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली. २०२३ मध्ये १४, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. या बंदीमागे वैद्यकीय कारण होते : एकत्र देण्यात उपचाराचा फायदा नाही, धोका मात्र आहे. तपासणीच्या बाजूने पाहिले तर त्याला दुसरे कारण जोडता येईल. बाजारात येणारे प्रत्येक नवे मिश्रण प्रयोगशाळेसाठी नवे कोडे असते. त्याची पद्धत ठरवावी लागते, पडताळावी लागते, माणसे शिकवावी लागतात. अधिकृत संहितेत म्हणजे इंडियन फार्माकोपियात मिश्रणाची पद्धत नसेल, तर अनेकदा उत्पादकाने दिलेल्या पद्धतीवरच विसंबावे लागते. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढण्यातला हा प्रकार.

यावर ठरलेले उत्तर म्हणजे एचपीएलसी हे महागडे यंत्र. ते मिश्रणातले घटक आधी एकेक करून वेगळे करते आणि मग मोजते. उणे बटाट्यांचा प्रश्न तिथे सुटतो. पण वेगळे झालेले घटक मोजायला एचपीएलसीच्या शेवटी बहुधा काय बसवलेले असते? तोच अतिनील प्रकाश. म्हणजे इथाम्ब्युटॉलसारखा, प्रकाश न अडवणारा पदार्थ तिथूनही गुपचूप निघून जाऊ शकतो.

डायएथिलीन ग्लायकॉलही याच जातीचे. गोडसर, दाट, रंगहीन, आणि या यंत्राच्या अतिनील प्रकाशाला जवळजवळ अदृश्य. कांद्याबटाट्यांच्या पिशवीत कोणी दगड टाकला आणि दोन्ही दुकानांत दगडाचा भाव शून्य असला, तर हिशेबात काहीच फरक पडणार नाही; तसे हे आहे. ते शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते किंवा निदान सिलिकाच्या पातळ थरावर केलेली स्वस्त चाचणी. ती खेड्यातल्या प्रयोगशाळेतही होऊ शकते, पण मुद्दाम करावी लागते.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंतच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. त्याच्याही आधी, १९३७ साली अमेरिकेत शंभरावर माणसे याच रसायनाने मेली आणि पुढच्या वर्षी तिथे औषध कायदा झाला. २०२२ मध्ये गाम्बियात भारतातून गेलेल्या सिरपांचा मुलांच्या मृत्यूंशी संबंध जोडला गेला. त्यानंतर जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपांना सरकारमान्य प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. देशातल्या मुलांना पाजल्या जाणाऱ्या सिरपांना तशी सक्ती तेव्हा नव्हती. छिंदवाड्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, फार्माकोपियात बदल करून तोंडाने घेण्याच्या द्रव औषधांत या रसायनाची तपासणी आवश्यक करण्यात आली. जे. जे. रुग्णालयाच्या घटनेपासून मोजले तर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

म्हणून प्रकाशाचे यंत्र निरुपयोगी ठरते का? अजिबात नाही. उलट जिथे ते उत्तम चालते तिथे आपण ते पुरेसे वापरत नाही. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून मार्च २०२३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना घेण्यात आला. त्यात औषधच नाही, असा अहवाल आला डिसेंबरमध्ये. पुढच्या पोलीस तपासात टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या गोळ्यांचे जाळे उघड झाले. सिप्रोफ्लॉक्सासिन २७७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश भरपूर अडवते. टाल्क पाण्यात विरघळतही नाही. एक गोळी, थोडे आम्ल मिसळलेले पाणी, गाळणी कागद आणि यंत्र : दुपारच्या चहाआधी उत्तर मिळाले असते. नऊ महिन्यांत त्या गोळ्या किती रुग्णांनी न्यूमोनियासाठी, मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी घेतल्या असतील, याचा हिशेब आता लागणार नाही. हा विलंब रसायनशास्त्राचा नाही. नमुन्यांची रांग, अपुरे विश्लेषक, रिकामी पदे आणि टपालाचा प्रवास यांचा आहे.

मात्र हेच यंत्र २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला पुढे आलेल्या बनावट ॲझिथ्रोमायसिनच्या प्रकरणात तितके कामाचे ठरले नसते. ॲझिथ्रोमायसिनही अतिनील प्रकाशाला फारसे दिसत नाही. एका प्रतिजैविकाला जी झटपट चाचणी चालते ती दुसऱ्याला चालत नाही, म्हणून खरेदी करणाऱ्या यंत्रणेकडे औषधागणिक चाचण्यांचा तक्ता हवा. कशाला प्रकाश पुरे, कशाला पातळ थराची चाचणी, कशाला एचपीएलसी आणि कशाला गॅस क्रोमॅटोग्राफीच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या औषधशास्त्र विभागांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या फार्मसी महाविद्यालयांत ही यंत्रे आहेत, हात बसलेले विद्यार्थीही आहेत. त्यांच्या निष्कर्षावर खटला उभा राहणार नाही. कायद्याला सरकारी विश्लेषकाचाच अहवाल लागतो. पण साठा वापरायचा की थांबवून ठेवायचा, हे ठरवायला प्राथमिक चाचणी पुरते. गोदामात माल उतरल्यावर आठवडाभरात अशी चाचणी आणि तोवर वाटप नाही, एवढा नियम केला तरी कळमेश्वरसारखी गोष्ट नऊ महिने चालणार नाही.

घरी बसलेल्या माणसाला यंत्र विकत घेता येत नाही. त्याच्या हाती दोन गोष्टी आहेत. लहान मुलांची साधी सर्दी-खोकला बहुतेक वेळा औषधाविना बरा होतो. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कळवले होते. दुसरे म्हणजे औषध संपेपर्यंत बाटली, खोका आणि बिल टाकू नये. काही बिनसले तर डॉक्टरांना ती बाटलीच दाखवावी. कारण प्रयोगशाळेला औषधाचे नाव पुरत नाही, बॅच क्रमांक लागतो. छिंदवाड्याच्या प्रकरणात सुरुवातीला गोळा केलेल्या काही नमुन्यांत हे रसायन आढळले नव्हते. ते आढळले ‘एसआर-१३’ या बॅचच्या बाटलीत.